पाकिटाचा प्रवासही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खटल्याच्या बातमीत ‘डीएनए जुळला’ एवढे छापून आले की वाचणाऱ्याच्या मनात निकाल लागून गेलेला असतो. प्रयोगशाळेतले यंत्र कितीही अचूक असो, समोर आलेले पुराव्याचे सीलबंद पाकीट वाटेत कुठे फिरले हे त्याला कळत नाही.

रक्ताने भिजलेला शर्ट ओलाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की दमटपणामुळे आत जिवाणू आणि बुरशी वाढते, डीएनएचे तुकडे होतात. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, तेव्हा जप्त वस्तू ठेवायच्या बंद मुद्देमाल खोलीत काय होत असेल? मग ‘निष्कर्ष काढता आला नाही’ असा अहवाल येतो आणि दोष प्रयोगशाळेच्या माथी बसतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! कपडा उन्हात नव्हे, सावलीत, स्वच्छ कागदावर पूर्ण वाळवायचा, घड्यांमध्ये कागद घालायचा आणि कागदी पाकिटात सील करायचा. मयताचे व आरोपीचे कपडे वेगळ्या जागी, हातमोजे बदलून बांधायचे. एकाच टेबलावर दोन्ही हाताळले तर मयताचे रक्त आरोपीच्या बाहीला तिथेच लागू शकते. ही चूक सर्वांत भयंकर, कारण ती अहवालात दिसत नाही. अहवाल ‘जुळले’ म्हणतो आणि त्याच्यापुरते ते खरेच असते.

व्हिसेराचेही (शवविच्छेदनात काढलेल्या आतल्या अवयवांच्या नमुन्यांचेही) तसेच. विषाच्या तपासणीसाठी तो मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. चुकून फॉर्मेलिन या रसायनात ठेवला तर अनेक विषे शोधणे अवघड होते. मद्यासाठी रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसायची नाही आणि बाटलीत सोडियम फ्लोराइड हवेच, नाहीतर साठवणीत अल्कोहोलचे प्रमाण बदलते.

‘मानवी रक्त, गट बी’ हे सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टमधले वाक्य पुष्कळदा मोठा पुरावा म्हणून वाचले जाते. आपल्याकडे दर तीन-चार माणसांमागे एकाचा गट बी असतो. आरोपीचा स्वतःचा गट तोच असेल, तर त्या डागाला फारसे वजन उरत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९नुसार (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे २९३) सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याची साक्ष न घेताही पुराव्यात वाचता येतो. न्यायालय त्याला बोलावू शकते, आणि शंका असेल तिथे बचाव पक्षाने तसा अर्ज करायलाच हवा. पण पाकिटाचा इतिहास त्या तज्ज्ञालाही ठाऊक नसतो. तो इतिहास ठाण्यातला मुद्देमाल कारकून आणि नमुना घेऊन जाणारा शिपाई यांनाच विचारावा लागतो: जप्ती ३ तारखेची आणि पाठवणी २० तारखेची असेल, तर मधले १७ दिवस पाकीट कुठे होते? सील कोणाकडे होते? प्रयोगशाळेत पोहोचलेले सील सोबत पाठवलेल्या सीलच्या नमुन्याशी जुळले का?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये कट्टावेल्लई प्रकरणात यावर स्पष्ट निर्देश दिले: डीएनए नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवण्याची जबाबदारी तपास अधिकाऱ्याची, उशीर झाल्यास कारण केस डायरीत नोंदवायचे आणि नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंदवही शेवटपर्यंत ठेवायची. सोलापूर शहर आणि ग्रामीणमधील प्रत्येक पोलीस ठाण्यात ही नोंदवही आहे का, नमुन्यांसाठी स्वतंत्र फ्रीज आहे का आणि वीज गेल्यावर त्याचे तापमान कोण लिहून ठेवते, हे पोलीस आयुक्त व अधीक्षकांनी जाहीर करावे.

— फौजदारी खटल्यांतील एक वकील, सोलापूर