आधी पिवळा दिवा मोजा, मग दंड करा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

वाहतुकीच्या दंडाचा विषय निघाला की एक बाजू म्हणते, हा पैसे उकळण्याचा प्रकार आहे. दुसरी म्हणते, चालकांना शिस्तच नाही. या वादात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. ज्याला चलन आलं, त्याला त्या जागी, त्या क्षणी नियम पाळणं शक्य होतं का? याचं उत्तर मीटर आणि सेकंदांत काढता येतं, म्हणून हे पत्र.

सिग्नल तोडल्याचा दंड घ्या. पिवळा दिवा किती वेळ राहावा याचं गणित १९६० सालापासून उपलब्ध आहे. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातल्या गॅझिस, हर्मन आणि मॅराडुडिन या तिघांनी ते मांडलं. दिवा दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सुमारे १ सेकंद धरायचा. त्यानंतर आतल्या माणसांना हिसका न बसता गाडी थांबायची, तर दर सेकंदाला तिचा वेग सेकंदाला ३ मीटरने उतरतो असं धरायचं. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. पहिल्या सेकंदात गाडी १४ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी ३२ मीटर. थांबायला एकूण ४६ मीटर लागले. तेवढंच अंतर न थांबता पार करायला ३.३ सेकंद लागतात, म्हणून पिवळा निदान तेवढा हवा.

आता तोच दिवा अडीच सेकंदांवर ठेवला तर काय होतं ते पाहा. अडीच सेकंदांत गाडी ३५ मीटर जाते. पिवळा लागताना जो चालक स्टॉप लाइनपासून ३५ ते ४६ मीटरच्या मध्ये आहे, तो नीट थांबूही शकत नाही आणि लाल लागण्याआधी रेषा ओलांडूही शकत नाही. वेगमर्यादा तंतोतंत पाळणाऱ्यासाठी रस्त्यावर ११ मीटरचा सापळा तयार झाला. त्यातून सुटायला त्याने करकचून ब्रेक मारला तर मागची गाडी येऊन आदळते. कॅमेरा बसवलेल्या चौकांत मागून होणाऱ्या धडका वाढतात त्यामागे हे एक कारण असतं. रस्ता उताराचा असेल तर वेळ आणखी लागतो. शेकडा ५ च्या उतारावर ३.३ ऐवजी ३.८ सेकंद हवेत. पण वेगमर्यादेची पाटी बदलते, कॅमेरा बसतो, नवा उड्डाणपूल उतरतो, आणि सिग्नलच्या पेटीतला आकडा मात्र जुनाच राहतो.

रस्त्यावरच्या चिन्हांविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारातही पिवळ्याचा नियम सरसकट ‘थांबा’ असा नाही. रेषेच्या इतक्या जवळ असलेली गाडी, जी सुरक्षितपणे थांबवता येत नाही, तिला जाण्याची मुभा आहे. ही मुभा खरी ठरायची तर दिव्याला तेवढे सेकंद द्यावे लागतात.

सेकंदाच्या दहाव्या भागाने काय होतं, हे शिकागोत २०१४ मध्ये दिसलं. तोवर तिथल्या सिग्नल-कॅमेऱ्यावर ३ सेकंदांपेक्षा कमी पिवळा नोंदला गेला तर चलन जात नसे. ती मर्यादा २.९ वर आणली गेली, आणि शहराच्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या महानिरीक्षकांनी तपासलं तेव्हा त्यातून निघालेली जादा चलनं सुमारे ७७ हजार भरली, प्रत्येकी १०० डॉलरची. पुढे तो प्रकार थांबवला गेला. अमेरिकेतल्याच ओरेगन राज्यात माट्स यार्लस्ट्रोम या रहिवाशाच्या घरी २०१३ मध्ये सिग्नल तोडल्याचं चलन आलं. मूळ सूत्र सरळ जाणाऱ्या गाडीचं आहे, वळणारी गाडी वेग कमी करते म्हणून तिला जास्त वेळ लागतो, हे त्यांनी गणिताने दाखवलं. परवान्याशिवाय अभियांत्रिकी केल्याचं सांगून तिथल्या अभियंत्यांना परवाने देणाऱ्या मंडळाने त्यांनाच ५०० डॉलरचा दंड केला! ते न्यायालयात जिंकले आणि २०२० मध्ये वाहतूक अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने वळणाऱ्या गाड्यांसाठी आपली मार्गदर्शक पद्धत बदलली. एका चलनामागचं गणित कुणीतरी नीट तपासलं, म्हणून हे झालं.

ही तपासणी कुणालाही करता येते. फुटपाथवर सुरक्षित उभं राहून मोबाइलवर सिग्नलचं चित्रण करा, आणि चौकटीत दुसऱ्या मोबाइलचं स्टॉपवॉचही येऊ द्या. घरी ते एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहा. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर ३ सेकंदांच्या पिवळ्यात ९० फ्रेम मिळतात. मोबाइल फ्रेमचा वेग मध्येच बदलतो, म्हणून स्टॉपवॉच लागतं. निदान पाच फेऱ्या मोजा, वेगवेगळ्या वेळी. हिरव्याचा वेळ गर्दीनुसार बदलू शकतो. पिवळा दर फेरीला बदलत असेल तर काहीतरी बिघडलेलं आहे.

वेगाच्या चलनात एकच फोटो येत असेल तर त्यावरून गाडीचा वेग पडताळता येत नाही. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने घेतलेले दोन फोटो आणि रस्त्यावर मोजून मारलेल्या रेघा असतील तर हिशेब सरळ आहे. अर्ध्या सेकंदात गाडी १० मीटर सरकली म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. रडारने काही वेगळं सांगितलं असेल तर चलन तिथेच संपतं. रडारच्या झोतात एकाच वेळी दोन गाड्या आल्या की कुणाचा वेग कुणाच्या नावावर गेला हे एका फोटोत कळत नाही, आणि घोटाळा तिथेच होऊ शकतो.

पार्किंगमध्ये चुका वेगळ्या. पाटी झाडाच्या फांदीआड जाते, खांब वाकून तिचं तोंड फिरतं, मनाई कुठून कुठवर आहे ते सांगणारे बाण नसतात. निळ्या वर्तुळावर एक तिरकी लाल रेघ म्हणजे पार्किंगला मनाई, दोन रेघांची फुली म्हणजे थांबायलाच मनाई. हा फरक दंड करणारेही विसरतात आणि माणूस उतरवणाऱ्याला पार्किंगचं चलन देतात. नंबर वाचणारा कॅमेरा ८ आणि बी, ० आणि डी यांत गोंधळतो. वाहनतळांवर त्याची आणखी एक ठरलेली चूक आहे. गाडी सकाळी आत जाऊन बाहेर पडते, संध्याकाळी पुन्हा येऊन जाते. मधलं बाहेर पडणं आणि परत येणं कॅमेऱ्याने टिपलं नाही, तर दोन छोट्या भेटींचा दिवसभराचा मुक्काम होतो. असं चलन आलं तर दुपारी गाडी दुसरीकडे असल्याचा पुरावा द्या. पेट्रोलची वेळ छापलेली पावतीही चालते.

पार्किंगच्या चलनासोबत तीन फोटो तरी हवेत: एक नंबरप्लेटचा, दुसरा गाडी आणि पाटी एकाच चौकटीत असलेला, आणि तिसरा त्या पाटीचा, वाचता येईल असा जवळून. नुसत्या नंबरप्लेटच्या फोटोवरून गाडी कुठे उभी होती हेच कळत नाही. गाडी उचलण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढले नाहीत, तर नंतर दिसलेला ओरखडा कुणाचा यावर वाद होतोच. वाट अडवणाऱ्या गाडीला जॅमर लावणं मला मुळातच पटत नाही. अडथळा तिथेच राहतो, उलट तास दोन तास वाढतो.

इंग्लंडमध्ये २०१५ पासून पालिकेच्या पार्किंगची वेळ संपल्यावर १० मिनिटं दंड करता येत नाही. तिथे १४ दिवसांत भरल्यास रक्कम निम्मी होते, आणि तक्रार फेटाळली तर पालिकेपासून स्वतंत्र असलेल्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं. सवलत चांगली, पण एक अट हवी: तक्रार चालू असेतो सवलतीची मुदत थांबली पाहिजे. नाहीतर निर्दोष माणूस हिशेब मांडतो, निम्मे भरून मोकळा होतो आणि चुकीची पाटी तशीच राहते.

फुटपाथवर गाडी चढवून व्हीलचेअरला वाहत्या रस्त्यावर उतरायला लावणाऱ्याची किंवा झेब्रा क्रॉसिंगला खेटून उभं राहून रस्ता ओलांडणारं मूल झाकणाऱ्याची बाजू मी घेत नाही. त्यांना दंड दर वेळी, न चुकता व्हावा. दंडाची रक्कम वाढवण्यापेक्षा पकडलं जाण्याची खात्री अधिक परिणाम करते. पण ती खात्री देणारं मनुष्यबळ सदोष चलनांच्या तक्रारी निस्तरण्यात अडकलेलं असतं.

म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याच्या जागी पिवळ्याचे सेकंद, वेगमर्यादा, उतार आणि यंत्र शेवटचं तपासल्याची तारीख जाहीर करावी. रद्द झालेल्या चलनांचा आकडा जागेनुसार छापावा. कंत्राटदाराला दर चलनामागे पैसे न देता ठरावीक रक्कम द्यावी. आणि एखाद्या खांबावरून अचानक नेहमीच्या कित्येक पट चलनं निघू लागली, तर ती पाठवणं थांबवून आधी माणूस पाठवून तो खांब तपासावा.

कळावे.

आपला,
वाहतूक नियोजनाचा एक अभ्यासक