जातिवंत कुत्र्यांची पैदास : केवळ चाचणी पुरेशी नाही

महोदय,

जातिवंत कुत्र्याचे पिल्लू घेताना वंशावळीच्या कागदासोबत आई-बापाचा डीएनए अहवाल मागणाऱ्यांची संख्या वाढत आहे, ही समाधानाची बाब आहे. मात्र अहवालात ‘वाहक’ (म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेले, स्वतः निरोगी जनावर) असा शेरा दिसताच ते जनावर पैदाशीतून कायमचे बाद करण्याचा प्रघात त्या जातीच्याच मुळावर येणारा आहे. दृष्टिपटल झिजून हळूहळू अंधत्व आणणारा जो आनुवंशिक आजार अनेक जातींत आढळतो, त्याचा एक प्रमुख प्रकार अप्रभावी जनुकामुळे होतो. म्हणजे आई व बाप या दोघांकडून सदोष प्रत आली तरच पिल्लू आंधळे होते. वाहक मादीची जोडी दोषमुक्त नराशी लावल्यास सरासरी निम्मी पिल्ले वाहक निघतील, परंतु त्या आजाराने एकाचीही दृष्टी जाणार नाही. अशी धडधाकट मादी बाद केली की तिच्या अंगची चांगली जनुकेही जातीतून जातात.

खरे नुकसान होते ते प्रदर्शनात बक्षीस मिळवलेल्या एकाच नराकडे सगळ्यांनी धाव घेतल्यामुळे. पुढच्या पिढीत त्याची मुले-मुलीच एकमेकांच्या जोडीला येतात, आणि सावत्र भावंडांच्या अशा पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक (म्हणजे एकाच पूर्वजाच्या त्याच जनुकाच्या दोन्ही प्रती पिल्लात येण्याची शक्यता) किमान १२.५ टक्के असतो. खुब्याच्या सांध्याच्या दोषामागे तर अनेक जनुके असल्याने एका चाचणीने तो पकडता येत नाही. तेथे क्ष-किरण तपासणी आणि भावंडांची माहितीच उपयोगी पडते.

डाल्मेशियनची गोष्ट याहून बोलकी आहे. या जातीत लघवीतील युरिक आम्ल वाढवून मूतखडे करणारा आनुवंशिक दोष इतका मुरला होता की निर्दोष जनुकाचे एकही शुद्ध डाल्मेशियन उरले नव्हते, त्यामुळे निवड तरी कोणातून करणार? मूतखड्याने लघवी तुंबलेल्या नराचे हाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. अमेरिकेतील आनुवंशिकीतज्ज्ञ रॉबर्ट शायबल यांनी १९७३ मध्ये पॉइंटर जातीशी एकदाच संकर केला आणि पुढे प्रत्येक पिढीत डाल्मेशियनशीच जोडी लावत निर्दोष जनुक परत आणले. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने १९८१ मध्ये या वंशातील काही कुत्र्यांची नोंद केली, पण जातीच्या क्लबचा विरोध झाल्यावर ती थांबवली, आणि ती पुन्हा सुरू व्हायला २०११ साल उजाडले. उपाय हाताशी असताना, केवळ वंशावळ निर्भेळ राखण्यासाठी, मधल्या तीस वर्षांत किती मुक्या जिवांनी या वेदना सोसल्या असतील!

म्हणून केनेल क्लबांनी एका नराकडून किती वेती नोंदवाव्यात यावर मर्यादा घालावी, प्रत्येक नियोजित जोडीचा अंतःप्रजनन गुणांक आधी जाहीर करण्याची सक्ती करावी, आणि ज्या जातींत निर्दोष जनुक उरलेलेच नाही त्यांच्यासाठी नियंत्रित संकराची तरतूद नियमांतच करून ठेवावी.

आपला,
एक श्वानपालक वाचक