ओठावरच्या जराचं औषध देणाऱ्या गर्ट्रूड एलियन यांस

आदरणीय गर्ट्रूड एलियन यांस,
सादर नमस्कार.

ओठाच्या कडेला जर फुटतो, म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूमुळे बारीक फोड येतात, त्यावर आज असायक्लोविर हे औषध आहे ते तुम्ही आणि तुमचे सहकारी हॉवर्ड शेफर यांच्यामुळे. पीएचडी नसताना तुम्हाला 1988 चं नोबेल मिळालं, त्याचं कौतुक आहेच. पण हे आभार त्या औषधाचं काम उलगडून दाखवल्याबद्दल. असायक्लोविर पेशीत शिरतं तेव्हा ते निष्क्रिय असतं. या विषाणूचं थायमिडीन कायनेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याला फॉस्फेट जोडतं, तेव्हा ते जागं होतं आणि विषाणूच्या डीएनएची साखळी मध्येच थांबवतं. निरोगी पेशीत हे जवळजवळ घडतच नाही. विषाणूच्याच हातून विषाणूची कोंडी!

एवढं कळलं की औषधाची वेळही कळते. विषाणू स्वतःच्या नकला काढत असतानाच ते चालतं. ओठाला मुंग्या येतात, चुरचुरतं, आग होते, फोड अजून दिसत नाहीत, तीच वेळ. असायक्लोविरचं 5 टक्के मलम तेव्हापासून दिवसातून 5 वेळा, 4 ते 5 दिवस लावावं. खपली धरल्यावर लावून फारसा उपयोग नाही. ‘गुण आला नाही’ ही तक्रार बहुतेकदा इथूनच येते. गोळ्या अधिक सोयीच्या: डॉक्टरांना विचारून व्हॅलासायक्लोविर (शरीरात गेल्यावर याचंच असायक्लोविर होतं) 2 ग्रॅम आणि 12 तासांनी पुन्हा 2 ग्रॅम, एकच दिवस. हे प्रमाण 12 वर्षांपुढच्यांसाठी. मूत्रपिंडं कमजोर असतील तर मात्रा कमी करावी लागते. घरात पडलेलं स्टिरॉइडचं मलम मात्र लावू नये, विषाणूला मोकळं रान मिळतं. आणि तोंड येणं, म्हणजे गालाच्या आतले पांढरे चट्टे, हा आजारच वेगळा.

जर पुन्हा का फुटतो, याचं उत्तरही तुमच्याच शोधात आहे. चेहऱ्याच्या चेतातंतूंच्या गाठीत विषाणू निजलेला असतो, नकला काढत नाही, म्हणून औषधाला तिथे काम नसतं. ताप, ऊन, पाळी, ताण त्याला उठवतात. उन्हाने त्रास होणाऱ्यांनी एसपीएफ 30 चा लिप बाम लावावा. वरचेवर फुटत असेल तर रोजच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

फोडाला हात लागला तर साबणाने धुवावा, डोळ्याला लावू नये. डोळा लाल होऊन दुखला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. खपली पडून कातडी भरेपर्यंत तान्ह्या बाळाचा पापा घेऊ नये. नवजात बाळात हाच विषाणू यकृतात, मेंदूत पसरू शकतो. अशा बाळांना 14 ते 21 दिवस शिरेतून असायक्लोविर देतात. त्यातून वाचलेल्या बाळांसाठी तुमचे विशेष आभार.