चंदीगडपासून नको, घरापासून निघा

सोलापूर,
डिसेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. तू दोनच गोष्टी विचारल्यास. तुम्हा दोघांना या वयात हिमाचलातल्या स्पितीपर्यंतचा प्रवास तंबूत राहून जमेल का, आणि चंदीगडपर्यंत रेल्वेनं जाऊन तिथून गाडी भाड्यानं घेतली तर चालेल का. पहिल्याचं उत्तर एका शब्दाचं आहे, जमेल. दुसऱ्याचं उत्तर फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून आज दुपारी कागद घेऊन बसलोय.

चालेल, पण तसं करू नकोस बे. घरापासून निघ.

आम्ही तिकडून आल्यापासून जो भेटतो तो स्पितीचंच विचारतो. तिथल्या चंद्रताल तळ्याचे फोटो दाखवा म्हणतो. स्पिती सुंदर आहेच, त्यावर येतो पुढं. पण रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघं आजही बोलत बसतो ते बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या रस्त्याबद्दल, कन्नडपासून चुरूपर्यंतच्या. लोक तो भाग झोपेत नाहीतर विमानानं उरकतात.

रस्ता कुठला, तर आपल्या दारातला. आपल्या वेळी धुळ्याला जाणारा 211 नंबरचा हायवे होता ना, तो आता 52 झालाय. अंकोल्याहून निघतो, हुबळी-विजापूर करत सोलापुरात येतो आणि पुढं तुळजापूर, धाराशिव, बीड, संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, चुरू, हिसार असा थेट पंजाबात संगरूरला जाऊन संपतो. कोजागिरीला आपण रात्रभर चालत आईच्या दर्शनाला जायचो तो हाच रस्ता. हिप्परग्याचा तलाव मागं पडला तेव्हा हिला म्हटलं, आता संगरूरपर्यंत रस्ता विचारायचं काम नाही.

निघालो ते गणपती बुडवून, पितृपक्षात. काकू नाराज झाली, अशा दिवसांत कोण घराबाहेर पडतं म्हणाली. पण ऑक्टोबर लागला की स्पितीतून मनालीकडं उतरायची कुंझुमची खिंड बर्फानं कधी बंद होईल याचा नेम नसतो, आणि पावसाळ्यात वाटेतल्या किन्नौरचे डोंगर रस्त्यावर येतात. मधली फट तेवढीच. तुम्हीही तीच धरा. नवरात्रातले घट हिनं जाऊबाईंवर सोपवले. ते तिला जड गेलं, हे मला जाणवत होतं.

सामान फार नव्हतं. आपली जुनी बोलेरो, मागची सीट काढून तिथं प्लायवूडची फळी, पाऊस लागला तर झोपायला. दोघांचा तंबू, पाच किलोचा सिलिंडर, छोटा कुकर, पाण्याचे दोन कॅन. पांघरायला आपल्या चादरी, त्याही जुन्या, जाड विणीच्या. आणि ज्वारीच्या कडक भाकरीचा गठ्ठा, सोबत शेंगाची चटणी. ही मंगळवेढ्याची, तेव्हा ज्वारी माहेरचीच. वहिनींना सांग, बाकी काही नेलं नाही तरी कडक भाकरी न्या. महिना-महिना टिकते. दमून तंबू लावल्यावर आमटी केली आणि तिच्यात भाकरी चुरली की जेवण झालं.

तंबूत राहायचं म्हणजे रोज चार वाजले की दोन गोष्टी शोधायच्या, सपाट जागा आणि पाणी. जागा आपली आपल्याला सापडते. पाणी मात्र कुणाला तरी विचारावं लागतं. हॉटेलात नळ सोडला की झालं, तिथं कुणाशी बोलायची गरज पडत नाही. आपलं सगळं आयुष्य चार-चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात गेलं. पिंप भरून ठेवायचे, रात्री दोनला उठून मोटार लावायची. त्यामुळे पाणी मागताना काय मागतोय हे आम्हाला कळत होतं. हे आधी ठरवलं नव्हतं, पण सबंध प्रवास त्यावरच चालला.

पहिला तंबू कन्नडच्या अलीकडं, घाट उतरण्याआधी, एका शेतवस्तीच्या खळ्यावर. कपाशी फुलावर होती. घरधनी म्हणाला, "विहीर भरलीय, पाहिजे तेवढं न्या. उन्हाळ्यात आला असता तर टँकरचंच द्यावं लागलं असतं." त्याच्या आईनं हिला विचारलं, कुठलं गाव? सोलापूर म्हटल्यावर "सिद्धेश्वराचं" एवढंच म्हणून तिनं हात जोडले.

नर्मदा खलघाटला ओलांडली. धामनोदवरून उजवीकडं वळलं की महेश्वर येतं. तिथं जा, चुकवू नका. अहिल्याबाईंनी राजधानी केली ते गाव. त्यांचं नाव आता आपल्या विद्यापीठाला आहे, पण तो घाट पाहिल्यावर त्या नावाचं वजन कळतं. ही पायऱ्यांवर बसली ती उठेचना. मी हातमागांकडं गेलो. इतकी वर्षं जॉबर म्हणून यंत्रमागांची दुखणी काढली, पण लाकडी मागावर पाय ठेवून बसलेला विणकर इतक्या जवळून पाहिला नव्हता. महेश्वरी साडीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो. आपल्या चादरीचं डिझाईन जसं दोन्हीकडून दिसतं, तसंच त्याचं. मी मोबाईलवर जकार्डचा फोटो दाखवला, त्यानं धोटा माझ्या हातात दिला. त्याला मराठी येत नव्हती, माझी हिंदी सोलापुरी, तरी तासभर बोललो. माझा बाप गिरणीत होता हे मी त्याला का सांगितलं ठाऊक नाही. सांगावंसं वाटलं.

इंदूर-देवास-ब्यावरा भराभर गेलं. शहरात तंबूवाल्यांचं काही काम नाही. झालावाडजवळ गागरोनचा किल्ला पाहा, आहू आणि काली सिंध नद्यांच्या संगमावर, तीन बाजूंनी पाणी. पुढं कोट्याच्या वाटेवर दर्राची खिंड लागते. 1804 मध्ये यशवंतराव होळकरांनी इंग्रजांच्या कर्नल मॉन्सनच्या फौजेला पिटाळलं ते याच मुकुंदऱ्याच्या भागातून. आता तिथं व्याघ्रप्रकल्प आहे, तेव्हा जंगलात तंबू ठोकायचा विचारही करू नका. आम्ही खिंड ओलांडून एका ढाब्यामागं थांबलो. ट्रकवाले बाजांवर झोपले होते, दिवे रात्रभर चालू. मला विचारशील तर बाईमाणसाला घेऊन थांबायला हायवेवरचा चालता ढाबा निर्जन माळापेक्षा चांगला.

बुंदीला राणीजी की बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, 1699 ची. खोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या, वर कोरीव कमानी, खांबांवर दगडी हत्ती. ही खाली बघत म्हणाली, "अहो, पाण्याला जायचं म्हणून एवढं देखणं दार केलं." नंतर गाडीत कितीतरी वेळ गप्प होती. मंगळवेढ्यात लहानपणी घागर घेऊन किती लांब जावं लागायचं, ते तिनं त्या संध्याकाळी सांगितलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी ते कधी ऐकलंच नव्हतं. कसं ऐकणार? मी पाळीत. ती उठायची तेव्हा मी झोपायचो, मी उठायचो तेव्हा ती कामाला लागलेली. शेजारी शेजारी बसून, समोर एकच रस्ता बघत इतके तास आम्ही आयुष्यात कधी घालवले नव्हते. मित्रा, मला या प्रवासातून काय मिळालं असं कुणी विचारलं तर मी आधी हे सांगेन.

आता चुरू. उन्हाळ्यात पन्नास अंश आणि थंडीत शून्याखाली जाणारा मुलूख. तिथं शेताशेतांत कुंड असतात. जमिनीत खोदलेला गोल हौद, त्यावर घुमट, आणि भोवती चुन्यानं लिंपलेलं उतरतं अंगण. त्या अंगणावर पडलेला थेंब न् थेंब आत जातो. चुरू शहराबाहेर सेठाणी का जोहडा म्हणून दगडी तलाव आहे, 1899 च्या सुमाराच्या छपन्निया दुष्काळात एका सेठाच्या विधवेनं बांधवून घेतला. लोकांना काम मिळालं आणि पाणी राहिलं. तो पाहून आम्ही पुढं एका ढाणीवर, म्हणजे आपल्या वस्तीवर, जागा विचारली. बाजरीची कापणी चालली होती. म्हातारबाबा आम्हाला कुंडापाशी घेऊन गेले. झाकणाला कुलूप होतं. त्यांनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं आणि दोर हिच्या हातात दिला, तुला लागेल तेवढं तूच काढ म्हणाले. हिनं कॅन अर्धाच भरला. त्यांनी आणखी घे म्हणून खूण केली तर मान हलवली. रात्री भांडी तिनं राखेनं घासली, पाण्याचा हात लागू दिला नाही. त्या घरच्या सुनेला आमची कडक भाकरी दिली, ती मोडताना झालेला आवाज ऐकून पोरं गोळा झाली. सकाळी आम्हाला राबडी मिळाली, बाजरीच्या पिठाची, ताकातली.

चंदीगडहून सुरुवात केली असती तर हे कुलूप कुणी उघडलं असतं आमच्यासाठी?

हरियाणा-पंजाबात पाणीच पाणी, भाताची शेतं, कालवे. तंबू लावला नाही. संगरूरजवळ एका गुरुद्वारात राहिलो, लंगरमध्ये जेवलो, हिनं दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटायला हात लावला. तिथं आपला 52 संपला.

डोंगरातलं आता नीट ऐक, कारण इथं तब्येतीचा प्रश्न आहे. सिमला, नारकंडा, रामपूर, कल्पा, नाको, ताबो, काझा असं सतलजच्या बाजूनंच चढा. मनालीकडून गेलात तर एकदम उंची येते आणि डोकं धरतं. या बाजूनं शरीराला वेळ मिळतो. कल्पा तीन हजार मीटरच्या जरासं खाली आहे, काझा साडेतीन हजाराच्या वर, चंद्रताल सव्वाचार हजाराच्या आसपास. सोलापूर पाचशेच्याही खाली, हे लक्षात ठेव. प्रत्येक टप्प्यावर एखादी रात्र जास्त काढा. कुकर न्याच, तिथं पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळतं, पातेल्यात डाळ शिजत नाही. थंडीत सिलिंडरमधून गॅसही मंद येतो, त्याला पोत्यात गुंडाळून ठेवायचा. काझात डिझेल भरून घ्या, पुढं मनालीपर्यंत भरवसा नाही. नाकोच्या वाऱ्यानं आमच्या तंबूची एक काठी मोडली. मी अॅल्युमिनियमच्या नळीचा तुकडा बरोबर ठेवला होता, तो चढवून काम भागलं. तसा तुकडा तूही ठेव.

ताबोचा मठ 996 सालचा, मातीच्या भिंतींचा. बाहेरून साधा, आत भिंतीभर चित्रं. चित्रं मी बघत राहिलो, ही बाहेर घरांची छपरं बघत होती. पॉप्लरची तुळई, वर काटक्या, वर माती. "माळवद आहे की हो हे!" तिच्या माहेरचं घर माळवदाचंच. एका घरी बाई छपरावर जवाचा पेंढा रचत होती, ही सरळ शिडी चढून वर गेली. पावसाआधी आमच्याकडं पांढरी माती कशी पसरतात, पन्हळ कुठं काढतात, हे ती हातवारे करून सांगत होती, आणि ती बाई वितळलेल्या बर्फाचं पाणी पाटानं शेतात कसं आणतात, कुणाची पाळी कधी असते, ते दाखवत होती. स्पिती पर्जन्यछायेत, आपण पर्जन्यछायेत. एवढं उंच येऊन ही माहेरी आल्यासारखी बोलत होती, ते बघायला तू हवा होतास.

चंद्रतालच्या काठावर तंबू लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. अलीकडं ठरवून दिलेल्या जागेत राहायचं आणि तळ्यापर्यंतचं शेवटचं अंतर पायी जायचं. रात्री बाटलीतलं पाणी गोठलं. दोन सोलापुरी चादरी एकावर एक घेतल्या तेव्हा झोप लागली. तिथून बातल ते ग्रांफू रस्ता म्हणजे दगडगोटे आणि ओढे. ओढे सकाळी लवकर ओलांडा, ऊन चढलं की बर्फ वितळून पाणी वाढतं. अटल बोगद्यातून नऊ किलोमीटर गेलात की पलीकडं सगळं हिरवंगार. परतीचं काही सांगण्यासारखं नाही, सरळ घर गाठलं.

खर्चाची वही जपून ठेवली आहे, ती पाठवत नाही, येऊन बघ. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला वहिनींना घेऊन ये, अक्षता सोहळा होईल आणि हुरडाही मिळेल. तंबू तुलाच देणार आहे. त्याची चेन अडकत होती, ती बदलायला टाकली आहे, तोवर होईल. गाडीच्या फळीचं माप तुझ्या गाडीला बसतं का ते मात्र इथंच पाहून घेऊ. एक वाईट सवय आत्तापासून सोड, संध्याकाळी "अजून एक गाव पुढं जाऊ" म्हणायची. चार वाजता थांबायचं. आणि पाणी विचारायला दोघं मिळून जायचं, एकट्यानं नाही.

वहिनींना नमस्कार. येण्याची तारीख कळव.

तुझा मित्र