डॉक्टरताई, माश्यांचं माहेर मोडलं!

आदरणीय डॉक्टरताई,

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये तुमची बदली झाली. निघताना मी तुमची ओटी भरली, पण जे बोलायचं होतं ते घशातच अडकलं. म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे, कारण पाच-सहा गाईंच्या दुधावर घर चालवणारे आमच्यासारखे आपल्या संगमनेर तालुक्यात गावोगाव आहेत.

मागच्या वर्षीचा श्रावण तुम्हाला आठवत असेल. आठवडाभर भुरभुर चालू होती, गोठा काही केल्या वाळत नव्हता आणि माश्यांनी कहर मांडला होता. गाई दिवसभर पाय आपटायच्या, एकमेकींना खेटून उभ्या राहायच्या. धारेच्या वेळी गौरीनं दोनदा भरली बादली लाथाडली. चौदा लिटर देणारी गाय दहावर आली. शेवटी यांनी डाळिंबावर मारून उरलेलं औषध पंपात घातलं आणि संध्याकाळी गौरीच्या अंगावर फवारलं. झाडावरची कीड मरते तर माशीही मरेल, एवढाच हिशेब होता त्यामागं.

तासाभरात गौरीच्या तोंडातून लाळेची धार लागली. अंग थरथरायला लागलं, श्वास घरघरायला लागला. मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही एकच सांगितलंत, "रडू नका, मी येतेय. तोवर हातात पिशव्या घाला आणि साबण लावून तिला आंघोळ घाला, भरपूर पाण्यानं." सात किलोमीटर पावसात गाडीवर आलात. बॅटरी तिच्या डोळ्यावर धरून मला बाहुली दाखवलीत. एरवी गाईची बाहुली केवढी आडवी, मोठी असते, ती तेव्हा बारीक रेघ झाली होती. मग त्या विषावरचा उतारा म्हणून अॅट्रोपिनची इंजेक्शनं दिलीत आणि बारा वाजेपर्यंत तिच्या मानेवर हात ठेवून बसलात. लाळ थांबली, तेव्हा कुठं तुम्ही आमच्याकडं बघितलंत.

हे मान खाली घालून उभे होते. बोलणी बसणार म्हणून मीही तयार होते. तुम्ही म्हणालात, "दादा, डाळिंबाचं औषध डाळिंबालाच ठेवा. गौरीला कुठं फळं लागणारेत?" त्या रात्री हे पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता रडले. तुम्ही रागावला असतात तर ते तुमच्यासमोर पुन्हा कधी उभे राहिले नसते, हे मी बायको म्हणून खात्रीनं सांगते. गाय तर वाचवलीतच, पण माझ्या माणसाची मानही तुम्ही खाली जाऊ दिली नाहीत. त्याचे आभार आधी.

दुसऱ्या दिवशी तुम्ही न बोलावता आलात. गौरीच्या पुढच्या पायावरची एक माशी काचेच्या ग्लासात पकडलीत आणि आम्हा सगळ्यांना उन्हात बोलावलंत. दिसायला घरातल्या माशीसारखीच, पण पोटावर सोंगट्यांच्या पटासारखे काळे ठिपके आणि तोंडापुढं सरळ सुईसारखी सोंड. घरमाशी चाटते, ही टोचते. आत्याबाई म्हणाल्या, "डासांसारखी मादीच चावते का गं?" तुम्ही म्हणालात, "नाही आत्याबाई, इथं नवरा-बायको जोडीनं जेवायला येतात." आत्याबाईंना एवढं हसताना मी किती दिवसांनी पाहिलं!

त्या हसण्यातच पुढचं सगळं डोक्यात बसलं. ही माशी काही मिनिटं रक्त पिते आणि पोट भरलं की भिंतीवर नाहीतर कुंपणावर जाऊन बसते, म्हणजे गाईच्या अंगावर दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त माश्या आजूबाजूलाच असतात. मग गाईला कितीही औषध चोपडलं तरी काय उपयोग? तुम्ही गव्हाणीमागं गेलात आणि उरलेल्या कुट्टीचा ढीग काठीनं उकरलात. वरून कोरडा, आत मूत मुरून कुजलेला, आणि पांढऱ्या अळ्यांनी वळवळणारा. "आत्याबाई, हे बघा माश्यांचं माहेर. सगळ्या जणी बाळंतपणाला इथं येतात. खायला मऊ, ऊब आहे, कुणी हाकलत नाही. उबदार हवेत साधारण तीन आठवड्यांत अंड्याची माशी होते. दर आठवड्याला माहेर मोडा, म्हणजे बारसंच होणार नाही."

माहेर मोडा हे शब्द आमच्याकडं कुणी उच्चारत नाही. पण आत्याबाईंनी पदर खोचला आणि स्वतः फावडं घेतलं. त्या दिवसापासून दर सोमवारी उष्टी वैरण आणि सांडलेला मुरघास उचलून लांब, उन्हात पातळ पसरतो. नाली रोज धुतो. शेणखताचा ढीग काळ्या कागदानं झाकतो, आतल्या उष्णतेनं अळ्या मरतात. औषध लागलंच तर जनावरांचंच, तुमच्या चिठ्ठीवरच्या मापानं.

आणि आमच्या धाकट्याला तुम्ही दिलेलं काम! रोज शाळेत जायच्या आधी गौरीच्या पुढच्या दोन पायांवरच्या माश्या मोजायच्या आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहायच्या. "माश्यांची बॅटिंग चालू आहे, स्कोअर तू ठेव," असं सांगितलंत. पहिल्या दिवशी तेवीस. पंधरवड्यानं अकरा. दिवाळीच्या आत चार. आकडा वाढला की तो दप्तर टाकून पळत गव्हाणीमागं जायचा, आणि दर वेळी कुठंतरी ओला कोपरा राहिलेला सापडायचाच. मोजल्याशिवाय आम्हाला ते कळलंच नसतं.

गोचिडांचंही तसंच. भिंतीच्या भेगा बुजवून चुना मारलाच, पण "आत्याबाई, तुमच्या कोंबड्यांना गोठ्यात नोकरीला लावा" हे तुमचं वाक्य आता अख्ख्या वस्तीत चालतं.

तुम्ही हसवायचात, पण २०२२ च्या लंपीचं नाव निघालं की तुमचा आवाज बदलायचा. ते दिवस आम्हीही पाहिलेत. जनावरांचे बाजार बंद, शेजारच्या गोठ्यातली गाय अंगभर गाठी येऊन बसलेली. माशी, डास, गोचीड यांच्यामार्फतही तो रोग एका जनावरातून दुसऱ्यात जातो, हे तुम्ही इतक्या कळकळीनं सांगितलंत की यंदा लसीकरणाला वस्तीतलं एकही जनावर घरी राहिलं नाही.

गेल्या मंगळवारी गौरी व्याली. कालवड आहे, कपाळावर चांदणी. आत्याबाईंनी तुमच्या वाटणीचा चीक बाटलीत भरून बर्फात ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाहीत. एखाद्या रविवारी या. खरवस तुमच्यासमोर लावू, वेलदोडा जास्त घालून, तुम्हाला आवडतो तसा. आज सकाळी भिंतीवरचा आकडा तीन आहे.

तुमची,
गौरीची मालकीण