पत्ता ऐकून वाढणारे दर : रविवारी बैठक

सभासदहो, नमस्कार.

आपल्या वस्तीचं नाव ऐकताच प्लंबर, इलेक्ट्रिशियन, एसी दुरुस्तीवाले चढा दर सांगतात, अशा तक्रारी वाढल्या आहेत. त्यासाठी येत्या रविवारी सकाळी 11 वाजता सोसायटीच्या सभागृहात बैठक आहे. प्रत्येक घरातून एकाने तरी यावं. जुनी बिलं सोबत आणा, म्हणजे एकाच कामाचे दर ताडून पाहता येतील.

तोपर्यंत कृपया :
- फोनवर आधी काम सांगून दर विचारा, पत्ता नंतर द्या.
- मजुरी, सुटे भाग आणि येण्याजाण्याचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या. ‘सगळं मिळून’ असा एकच आकडा मिळाला तर काम सुरू करू देऊ नका.
- बदललेला जुना भाग मागून घ्या.

गेटवरच्या नोंदी, पार्किंग, लिफ्टसाठी थांबणं यात कारागिराचा वेळ खरोखर जातो. त्याचे पैसे रास्त आहेत, तिथे घासाघीस नको. घरकाम करणाऱ्या ताईंचा पगार या बैठकीत चर्चेला येणार नाही.

– सचिव