दाराशी उभी असलेली बाई

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा पहाटे सव्वातीनला तुझा फोन वाजला आणि माझा हात आधी टॉर्चकडे गेला. वायरमन म्हणून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण अवेळी फोन आला की अजून वाटतं, कुठेतरी तार तुटली. तुझा आवाज ऐकला तेव्हा कळलं, तार शाबूत आहे, पोरगी घाबरलीय.

तू सांगितलंस ते मी सकाळी डायरीत उतरवून ठेवलं. सलग चार नाइट ड्युट्या झालेल्या. दिवसा हॉस्टेलबाहेर बांधकाम चालू, म्हणून झोप नाही. रात्री सुट्टी मिळाली तशी उताणीच पडलीस. मध्येच जाग आली. पंखा दिसत होता, समोरच्या कॉटवरची मैत्रीण दिसत होती, पण बोटसुद्धा हलेना. ओरडायला गेलीस तर आवाज फुटेना. दाराशी एक बाई उभी होती. ती जवळ आली आणि छातीवर बसली.

आजीला मी आधी फक्त छातीवरच्या ओझ्याचं सांगितलं, तर ती म्हणाली, "मुंजो बसलो असतलो." बाई दिसली होती म्हटल्यावर तिने मुंजाला सोडून दिलं आणि थेट हडळीचं नाव घेतलं. "चेडवाक थंय एकटां ठेवू नको," पोरीला एकटं ठेवू नको, एवढं बोलून देवाकडे गेली. आपल्या आजीकडे प्रत्येक लक्षणाला वेगळं भूत आहे. तुमच्या पुस्तकांत रोगांची वर्गवारी असते ना, तशीच.

आता माझं ऐक. तुला भास झाला, मनाचे खेळ आहेत, असलं काही मी म्हणणार नाही. घाबरलेल्या माणसाला 'काही नव्हतंच' म्हणणं हा उद्धटपणा आहे. तुला ओझं जाणवलं, बाई दिसली, श्वास अडकला, हे सगळं झालं. ते कोणी केलं, एवढाच आपला वाद.

तू नर्सिंगला आहेस, झोपेत अंग लुळं पडतं हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. तरी मी माझ्या भाषेत सांगतो. आम्ही लायनीवर चढायच्या आधी परमिट घ्यायचो. सबस्टेशनला फोन करायचा, स्विच उघडायला लावायचा, लाइन मेली याची खात्री करायची, मगच खांबावर पाय. काम झालं की परमिट परत करायचं, तेव्हाच लाइन पुन्हा चालू. शरीरही तेच करतं. स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांची लाइन बंद करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरोखरच कॉटवरून खाली पडेल. डोळे हलत राहतात आणि श्वासाचा पडदा चालू राहतो, बाकी सगळं बंद. सकाळी दोन्ही लाइनी बरोबर सुरू होतात. पण झोपेची आबाळ झाली की कधीकधी क्रम चुकतो. मेंदूकडची लाइन आधी येते, अंगाकडची यायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तू जागी होतीस आणि तुझं परमिट अजून परत गेलं नव्हतं.

छातीवरचं ओझं त्यातूनच येतं. बरगड्यांचे स्नायू सैल पडलेले असतात, श्वास उथळ चालू असतो. आपण घाबरून मोठा श्वास घ्यायला जातो आणि तो घेताच येत नाही. मग वाटतं, कोणीतरी वर बसलंय. अर्धं स्वप्न अजून उतरलेलं नसतं आणि मेंदूचा भीतीचा कोपरा तर पुरता जागा असतो. तो अंधारात माणूस शोधतो. दाराला टांगलेला एप्रन असला तरी त्याला पुरतो. (दाराला काय टांगलं होतं, बघितलंस का?)

हे तुला एकटीलाच झालेलं नाही. बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून २०११ साली निघालेला आकडा असा की सर्वसाधारण लोकांत शंभरातल्या साधारण आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हे होतं आणि विद्यार्थ्यांत अठ्ठावीस जणांना. जपानात याला कानाशिबारी म्हणतात. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये एक म्हातारी येऊन छातीवर बसते. इजिप्तमध्ये तो जिन असतो. इजिप्त आणि डेन्मार्क इथल्या लोकांची तुलना करणारं एक संशोधन आहे, ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. झोपेतला हा प्रकार दोन्हीकडे होतो, पण इजिप्तमध्ये लोक जास्त घाबरतात आणि तो जास्त वेळ टिकतो असं ते सांगतात. म्हणजे जिनाची गोष्ट ऐकून झोपणाऱ्याला जिन जास्त वेळ धरून ठेवतो. आमच्या लहानपणी रात्री अंगणात बसून हडळीच्या गोष्टी सांगणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

पुन्हा झालं तर अख्खं अंग हलवायला जाऊ नकोस. पायाच्या अंगठ्यावर लक्ष दे, तो हलला की बाकीचं सुटतं असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. उताणी झोपू नकोस, कुशीवर झोप. आणि तुमच्या सिस्टरांशी ड्युटीबद्दल बोल. वारंवार होऊ लागलं किंवा दिवसा बसल्याबसल्या डोळा लागायला लागला तर डॉक्टरला दाखव, लाजू नकोस.

तू म्हणशील, बाबांना काय, ते रात्री-अपरात्री स्मशानातून फिरलेले. म्हणून एक गोष्ट सांगतो. तुझ्या आईलाही अर्धीच ठाऊक आहे.

तू जन्मायच्या आधीची. माझ्या सेक्शनमधल्या एका गावात, खाडीच्या कडेला स्मशान, आणि स्मशानाला लागून अकरा केव्हीचा, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या लाइनीचा खांब. मे संपत आला की त्या खांबावर रात्री निळा उजेड दिसायचा आणि चिर्र असा आवाज यायचा. लोक म्हणायचे, वेताळाची दिवटी. संध्याकाळनंतर माणसं ती वाट सोडून माळावरून वळसा घालून जायची. आणखी म्हणायचे, पहिला मोठा पाऊस पडला की वेताळ निघून जातो. हे मात्र खरं होतं, दरवर्षी खरं होतं.

एका रात्री फ्यूज टाकून परत येताना मी एकटाच त्या वाटेला आलो. दमट, वारा पडलेली हवा. खांबाच्या टोकाशी निळसर काहीतरी वळवळत होतं, आणि नाकाला एक उग्र वास. सायली, मी लायनीवर काम करणारा माणूस, तो वास मी शंभर वेळा घेतला होता. तरी मी सायकल टाकून पळालो. चप्पल तिथेच राहिली. डोक्याला जे ठाऊक असतं ते पायांना वेळेवर कळतंच असं नाही.

सकाळी सायकल आणायला गेलो तेव्हा लाजेपोटी परमिट घेऊन वर चढलो. इन्सुलेटरवर, म्हणजे तार बांधतात त्या चिनी मातीच्या तुकड्यावर, बोट फिरवलं तर पांढरी खरखरीत पूड बोटाला लागली. जिभेला लावून बघितली. मीठ! खाडीचा वारा आठ महिने ते मीठ चिनी मातीवर बसवत होता. कोरड्या हवेत त्याचा त्रास नाही. दंव पडलं, भुरभुर झाली की ते मीठ ओलं होतं, त्यातून वीज झिरपते, निळ्या ठिणग्या उडतात, आवाज येतो, वासही येतो. धो धो पाऊस आला की सगळं धुऊन जातं. वेताळ पावसात जायचा तो असा. एका इन्सुलेटरला तर तडाही होता. तो बदलला, बाकीचे पुसून काढले.

त्या वर्षी दिवटी दिसली नाही. गावाने काय म्हणावं? वायरमनने वेताळाला नारळ दिला म्हणून तो शांत झाला. आणि खोटं कशाला बोलू, नारळ मी दिला होता. आरवलीला वेतोबाच्या, म्हणजे देव म्हणून पुजलेल्या वेताळाच्याच, पायांवर डोकंही टेकलं होतं. तिथे वाहिलेल्या त्या भल्यामोठ्या चपला तू लहानपणी बघितल्यास ना? तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात असं मानतात. माझीही चप्पल त्याच रात्री हरवली होती, मला ते जवळचं वाटलं. भुतांचा राजा राखणदार करून ठेवणाऱ्या माणसांना भीतीशी कसं वागायचं ते थोडंफार कळत असणार.

जुन्या माणसांचं कारण चुकलं तरी उपाय कधीकधी बरोबर असतो. चकव्याचंच बघ. धुक्यात सड्यावर चकवा लागला, माणूस फिरून फिरून त्याच कातळाशी येतो, तर तुझे पणजोबा सांगायचे, जागीच बस, उजाडू दे. जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या संशोधकांनी २००९ मध्ये माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं होतं. ऊन असेल तर माणसं सरळ गेली. आभाळ भरलेलं असताना जंगलात ती गोल गोल फिरत आपल्याच वाटेवर परत आली आणि त्यांना पत्ताही नव्हता. डोळे बांधले तर वर्तुळ कधी वीस मीटरइतकं लहान. खूण दिसत नसेल तर सरळ चालणं आपल्याला जमतच नाही. पणजोबांना ट्यूबिंगन माहीत नव्हतं, पण थांबायचं कधी ते माहीत होतं.

उलटंही असतं. तुझ्या मैत्रिणीने तुला सांगितलं की पिंपळाखाली रात्री झोपू नये, कार्बन डायऑक्साइडने जीव गुदमरतो आणि त्यालाच लोक मुंजा म्हणतात. ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण उघड्यावर एका झाडाने माणूस गुदमरत नाही. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि लवचीक असतो, म्हणून आपल्या अंगाला वारा जाणवत नसतानाही ते पान सळसळतं. मला तेवढं कारण पुरतं. भूत काढून त्या जागी दुसरी थाप बसवायची नाही.

आता जे लिहायला बसलो ते. फोनवर तू म्हणालीस, मुली तुला शनिवारी कुठल्याशा देवरुषाकडे नेणार आहेत, आणि तो म्हणे लांबूनच सांगतो कोणी केलंय ते. आणि मग हळूच म्हणालीस, सगळ्यांना त्या झाडूवाल्या मावशींचा संशय येतोय, त्या एकट्या असतात, टक लावून बघतात.

देवरुषाने तुझे पाचशे रुपये घेतले असते तर मी गप्प बसलो असतो. पण तो नाव सांगतो. आणि नाव नेहमी अशाच बाईचं निघतं, जिच्या मागे कोणी नसतं. हॉस्टेलच्या रेक्टरबाईंचं नाव कधी निघालेलं ऐकलंस? डॉ. नरेंद्र दाभोलकर यासाठीच वर्षानुवर्षं कायदा मागत होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या, मग त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यात सैतान आहे असं ठरवून तिचं जगणं मुश्किल करणं हा त्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. तुला कायद्याची भीती घालायला हे लिहीत नाही. तुझ्या झोपेचा क्रम चुकला आणि त्याची किंमत चार खोल्या झाडून पोट भरणारी बाई देणार, हे मला चालणार नाही. शनिवारी तू जायचं नाहीस. मैत्रिणींना माझं नाव सांग, बाबा फार खडूस आहेत म्हण.

आणि मावशींशी एकदा बोल. टक लावून बघतात तर कदाचित त्यांना लांबचं दिसत नसेल. तुमच्याच ओपीडीत डोळे तपासून मिळतील.

दाराला आतून टांगलेलं सगळं काढून टाक आणि एक छोटा झिरो बल्ब लावून झोप. वीजबिल हॉस्टेलचं आहे, मला विचारू नकोस.

रविवारी गावातला एक मुलगा कोल्हापूरला येतोय, त्याच्याकडे डबा देतोय. आईचे तांदळाचे लाडू, थोडी सोलं आणि आजीने वेतोबाचा अंगारा दिलाय. मी नको म्हटलं नाही, तूही म्हणू नकोस. पुडी लाडवांच्या खाली ठेवलीय, नाहीतर वाटेत सांडते.

तुझे,
बाबा